ग्रंथालयाची नवी साधने आणि आपला सेवकवर्ग

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



या मालेतील यापूर्वीची व्याख्याने वाङ्मयाविषयी झाली आणि ती रंगलीही. माझा विषय त्या मानाने रुक्ष आहे. संगणक, महाजाल आणि त्यांवर चालणारी तऱ्हेतऱ्हेची साधने आपल्या ग्रंथालयातील पाचसहा सेवकांनी कशी शिकावीत, त्यांना ती कोणी व केव्हा शिकवावीत, असा हा विषय. मी मराठीचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. परंतु गेले काही महिने दर शनिवारी दुपारी या सेवकांच्या सोबतीला बसण्याचा योग आला आणि त्यातून जे मनात आले ते आपल्यासमोर मांडावे असे वाटले.

बडोद्यात या विषयाला शतकाहून जुनी परंपरा आहे, हे आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतील न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अलान्सन बॉर्डन यांना येथे बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि पेट्यांतून पुस्तके फिरविणारी फिरती ग्रंथालये ही सारी रचना सर्वांना ठाऊक आहे. मांडवीजवळच्या त्या इमारतीतील काचेची जमीन दाखवावयास आपण पाहुण्यांना आवर्जून नेतोही. पण १९११ मध्ये बॉर्डन यांनी येथे ग्रंथालयीन कामाचा शिक्षणवर्ग सुरू केला, भारतातील असा तो पहिला वर्ग होता, याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. माझ्या मते त्या सर्व योजनेचे मर्म या वर्गात होते. इमारत आणि पुस्तके पैशाने उभी राहतात. तालिकापत्र कसे लिहावे, विषयाचा क्रमांक कसा ठरवावा, हे माहीत असलेली माणसे येथल्या येथे घडवावी लागतात.

आज ज्याला आपण जुनेपुराणे समजतो ते तालिकापत्र त्या काळी अगदी नवे यंत्र होते. तोवर पुस्तकांच्या याद्या वहीत असत किंवा छापून निघत. यादी छापून झाली की दुसऱ्या दिवशी आलेले पुस्तक तीत नाही. सुटी पत्रे मात्र हवी तेव्हा, हवी तेथे घालता येतात. येथील मराठी व गुजराती मंडळींना ही युक्ती शिकवावी लागली, आणि ती त्यांनी आत्मसात केली. बॉर्डन यांनी अमेरिकेतील वर्गीकरणही जसेच्या तसे येथे लादले नाही. डेव्ही आणि कटर यांच्या पद्धतींचे घटक घेऊन त्यांनी बडोद्यासाठी वेगळी पद्धत बांधली. पुढे १९१२ पासून येथून ग्रंथालयविषयक जे नियतकालिक निघू लागले ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत होते. नवे साधन बाहेरून घ्यावे, पण ते चालविणारी माणसे आणि भाषा आपली असावी, अशी ही दृष्टी होती. आजच्या प्रश्नाकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे दाखलनोंद वह्या आहेत, लाकडी खणांतील तालिकापत्रे आहेत, आणि शताब्दीच्या निमित्ताने कार्यकारी मंडळाने संगणकीय तालिकेचा निर्णय घेतला आहे. त्यासाठी 'कोहा' ही प्रणाली निवडली. न्यूझीलंडमधील एका लहानशा ग्रंथालयसमूहासाठी १९९९ मध्ये ती लिहिली गेली आणि २००० च्या जानेवारीपासून वापरात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, आणि ती खरोखरच कोणालाही विनामूल्य घेता येते. (गुजरातीत 'कोहवुं' म्हणजे कुजणे, त्यामुळे हे नाव प्रथम उच्चारले गेले तेव्हा आमच्या शनिवारच्या वर्गात बराच हशा पिकला.) विनामूल्य असली तरी ती बिनखर्चाची नाही, हे विश्वस्तांनी ध्यानात ठेवावे. ती बसविणारा जाणकार, माहिती साठविण्याची जागा, रोजची दुसरी प्रत काढून ठेवण्याची व्यवस्था, यांना पैसे लागतात. आणि सर्वांत जास्त खर्च होतो तो सेवकांच्या वेळाचा. अंदाजपत्रकात त्याला रकाना नसतो, म्हणून तो दिसत नाही.

येथे एक मोह पडतो. 'नोंदी भरून देणारे' कंत्राटदार बाजारात आहेत. नोंदीमागे इतके पैसे, आणि तीन महिन्यांत काम पूर्ण. एका शेजारच्या संस्थेने हा मार्ग पत्करला. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथील संगणकीय तालिका मी पाहिली आहे. 'आपटे हरि नारायण', 'ह. ना. आपटे' आणि 'हरिभाऊ आपटे' हे तेथे तीन स्वतंत्र लेखक आहेत. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांची एकमेकांशी ओळख नाही. शके १८२९ मध्ये छापलेले पुस्तक इसवी सन १८२९ चे ठरले आहे, म्हणजे यंत्राच्या हिशेबी ते पुस्तक पेशवाई बुडाल्यानंतर अकराच वर्षांनी निघाले! शकात ७८ मिळवावयाचे आणि विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करावयाचे, हे आपल्या कोणत्याही जुन्या सेवकाला झोपेतही सांगता येईल. नोंदीमागे पैसे घेऊन वेगाने कळा दाबणाऱ्या मुलाला ते कोणी सांगितलेच नव्हते. त्याचा दोष नाही.

तेव्हा हे काम आपल्या सेवकांनीच करावे, या मताचा मी आहे. आणि करावयाचे तर त्यांना साधने शिकावी लागतील. यातील अडचणी काय असतात, हे शनिवारच्या बैठकांत मला जवळून पाहता आले.

पहिली अडचण भीतीची, पण ती लवकर सरते. देवघेव विभागातील ज्या भगिनी पहिल्या दिवशी कळफलकाला हात लावावयास तयार नव्हत्या, त्या घरी भ्रमणध्वनीवर नातवाशी रोज समोरासमोर बोलतात. त्यांना इतकेच दाखवावे लागले की हे त्याच जातीचे यंत्र आहे.

दुसरी अडचण मात्र खरी आहे, आणि ती आपल्या भाषेची आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'वाऱ्यावरची वरात' घ्या. यातील तो ऱ्य दोन प्रकारे टंकित करता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण यंत्राच्या पोटात ते दोन वेगळे अक्षरसमूह असतात. एकाने एका रीतीने नोंद केली आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोध घेतला, तर साध्या शोधात 'पुस्तक उपलब्ध नाही' असे उत्तर येते, आणि पुस्तक मात्र समोरच्या कपाटात असते. 'ॲडव्होकेट'मधला ॲ हाही असाच. युनिकोड या जागतिक अक्षरसंहितेत देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु मराठीसाठी लागणारे हे अक्षर तीत स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवीत, आणि पुष्कळांची ती सवय आजही गेलेली नाही. त्याच्याही मागे गेलो तर १९९० च्या दशकातील याद्या येतात. त्या त्या काळच्या मराठी अक्षरसंचांत टंकित केलेल्या आहेत आणि तो अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर उघडल्या की त्यांची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आपल्या १९९० च्या दशकातील वाढीव यादीचे असेच झाले आहे. ती रूपांतरित करता येते, पण रूपांतरानंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते.

शुद्धलेखनाचा प्रश्न तर आम्हा मराठीवाल्यांच्या जिव्हाळ्याचा. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. पण जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून ते कोण पुसणार? हरिभाऊंच्या कादंबरीचे नाव 'पण लक्षांत कोण घेतो' असे अनुस्वारासह आहे. आजचा विद्यार्थी 'लक्षात' असे लिहून शोधणार. तालिकेचा धर्म असा की मुखपृष्ठावर जे आहे तेच लिहावे. वाचकाचा हक्क असा की त्याला पुस्तक मिळावे. यावर शनिवारी एकदा तासभर वाद झाला, आणि तोडगा कोणी काढला म्हणता? आमच्या सर्वांत ज्येष्ठ सेवकांनी. ते म्हणाले, "पूर्वी आम्ही अशा पुस्तकाची दोन पत्रे करीत असू. एकावर खरे नाव आणि दुसऱ्यावर 'पाहा'." संगणकाच्या नोंदीत पर्यायी शीर्षकासाठी निराळा रकाना असतोच. तो कशासाठी असतो, हे त्या क्षणी सर्वांना समजले. मी अर्धा तास बोलून ते समजावू शकलो असतो की नाही, कोण जाणे.

नव्या साधनाचे लाभही सांगितले पाहिजेत, नाही तर मी केवळ कुरकूर करतो आहे असे वाटेल. जुन्या यादीत 'संगीत सौभद्र', 'संगीत शाकुंतल', 'संगीत शारदा' ही सारी स च्या खणात एकावर एक रचलेली असत. आता 'शारदा' एवढे लिहिले तरी पुस्तक सापडते. मकरपुऱ्याच्या सभासदाला येथवर येऊन पुस्तक बाहेर गेलेले आहे असे ऐकून परत जावे लागणार नाही. नव्या पुस्तकाचा मानक क्रमांक दिला की दूरच्या ग्रंथालयातील तयार नोंद आपल्याकडे ओढून घेता येते. अर्थात तो क्रमांकच १९७० च्या सुमारास अस्तित्वात आला, तेव्हा आपल्या निम्म्या कपाटांना त्याचा उपयोग नाही.

या ओढून घेण्यात एक मौज आहे. मराठी पुस्तकांच्या चांगल्या नोंदी पुष्कळदा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडून मिळतात. त्या तेथे कशा पोहोचल्या? आपल्या पिढीला पी. एल. ४८० चा गहू आठवत असेल. त्या गव्हाचे जे रुपये भारतात साठले, त्यांतील काही रकमेतून १९६२ पासून दिल्लीतील एका कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील विद्यापीठांना पाठविली गेली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. शिधापत्रिकेवरच्या गव्हाने आपली पुस्तके शिकागोला नेली आणि त्यांच्या नोंदी आता परत येत आहेत. मात्र त्या रोमन लिपीत, अक्षरांवर आडव्या रेषा व खाली टिंबे अशा थाटात येतात. त्या देवनागरीत आणण्याचे काम आपले. न आणि ण यांतील भेद ज्याच्या कानात आहे त्यालाच ते जमते.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या प्रकल्पाने पुष्कळ जुनी मराठी पुस्तके छायांकित केली. त्याचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, तरी बरीच पुस्तके 'इंटरनेट आर्काइव्ह'वर सुरक्षित आहेत. तेथे पुस्तके आहेत, पण त्यांची नावे रोमन लिपीत अशी काही लिहिली आहेत की लेखकाच्या वारसालाही ती ओळखू येऊ नयेत. तेथे शोध घेणे ही एक कला आहे. ती कला सेवकाला अवगत असली तर वाचकाचा दिवस वाचतो. आमच्या एका तरुण सहायिकेने गेल्या महिन्यात एका संशोधक विद्यार्थ्याला अशा तऱ्हेने हवा तो ग्रंथ काढून दिला. तिने नाव चार प्रकारे चुकीचे लिहून पाहिले, चौथ्या खेपेस ते सापडले!

याच्या उलटही घडते. प्रश्नाला उत्तर देणारी, बुद्धिमान म्हणविणारी यंत्रे आता सर्वांच्या खिशात आहेत. त्यांना विषय सांगितला की ती पुस्तकांची सुबक यादी देतात. त्या यादीतील काही पुस्तके कोणी कधी लिहिलेलीच नसतात. लेखक खरा, प्रकाशनसंस्था खरी, पुस्तक तेवढे काल्पनिक. विद्यार्थी अशी यादी घेऊन येतो आणि पुस्तक नाही म्हटले की ग्रंथालयालाच नावे ठेवतो. अशा वेळी शं. ग. दाते यांची १९४३ मध्ये निघालेली 'मराठी ग्रंथसूची' काढून, १८०० ते १९३७ या काळात असे पुस्तक नोंदलेले नाही, हे शांतपणे दाखविणारा सेवक हवा. जुने साधन कोठे आणि नवे कोठे वापरावे, हा विवेक शिक्षणाशिवाय येत नाही.

एक गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो. कोणता सभासद काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे. देवघेवीची यादी सोयीसाठी महाजालावर ठेवून तिचा दुवा गटात पाठविणे हे सोपे असते, म्हणूनच धोक्याचे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. परंतु कायदा नसता तरी आपण हे करू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. आपल्या सभासदांची नातवंडे घरी मराठी बोलतात, पण शिकतात इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात. ती पुस्तक शोधतील ते रोमन अक्षरांत, किंवा गुजराती लिपीत. 'સાને ગુરુજી' असे ते मूल लिहील आणि यंत्र म्हणेल, असे काही येथे नाही. म्हणजे ज्याच्यासाठी ही संस्था पुढची शंभर वर्षे उभी राहावयाची, त्याला ती पहिल्याच दारात परत पाठविणार. यावर उपाय आहे. प्रत्येक नोंदीत शीर्षकाचे व लेखकनामाचे गुजराती आणि रोमन रूप घालता येते. लिपी बदलणारी साधने कच्चे रूप क्षणात देतात. ते तपासावयास मराठी व गुजराती या दोन्ही भाषा अंगवळणी पडलेला माणूस लागतो. पुण्यामुंबईच्या ग्रंथालयाला असा माणूस शोधावा लागेल. आपल्याकडे शिपायापासून ग्रंथपालांपर्यंत प्रत्येक जण तसा आहे. ज्या बडोद्यात १९३१ मध्ये 'सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा आठ भाषांचा कोश निघाला, त्या बडोद्याला तीन लिप्यांचे ओझे वाटू नये.

परंतु या कामाला मुदत आहे. मघाशी ज्यांचा उल्लेख केला ते ज्येष्ठ सेवक येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत. आपल्याकडे बांधणीचा खर्च वाचविण्यासाठी पूर्वी दोनतीन पातळ पुस्तके एकाच पुठ्ठ्यात बांधीत. वरच्या पुस्तकाचा क्रमांक कण्यावर, आतल्या पुस्तकांचा पत्ता फक्त वहीत, आणि त्या वहीची काही पाने वाळवीने खाल्लेली. कोणत्या पुठ्ठ्यात काय दडले आहे, हे आज या इमारतीत केवळ या एका माणसाला माहीत आहे. दोन शनिवार झाले, ते पुठ्ठा उघडून सांगतात, आमची तरुण सहायिका भ्रमणध्वनीवर ते बोलणे सरळ मराठी अक्षरांत उतरवून घेते आणि मग दोघे मिळून नोंद तपासतात. तो तिला पुस्तक शिकवितो, ती त्याला यंत्र शिकविते. मार्चपर्यंत किती शनिवार उरले ते आपण मोजावे.

म्हणून कार्यकारी मंडळाला माझी विनंती अशी. हे शिक्षण कामाच्या वेळेत असावे, रोज निदान एक तास, आणि त्या तासापुरती देवघेव बंद राहिली तर सभासदांनी ती सोसावी. कामानंतर थांबून शिका, असे ज्या पगारावर ही मंडळी काम करतात त्या पगारावर त्यांना सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. बाहेरचा तज्ज्ञ दोन दिवस बोलावून प्रमाणपत्रे वाटण्यापेक्षा आपल्याच कपाटातील पुस्तके समोर ठेवून शिकलेले टिकते. आणि ज्येष्ठ सेवकांना मार्चनंतरही सहा महिने मानधनावर यावयास सांगावे. शताब्दी समारंभाच्या मंडपाचा एक दिवसाचा खर्च कमी केला तरी ते भागेल. अध्यक्ष महोदय क्षमा करतील.

सुरुवात कोणत्या कपाटापासून करावी, असे ग्रंथपालांनी विचारले होते. मी नाटकांचे कपाट सुचविले आहे. एका पुठ्ठ्यात अनेक पुस्तके हा प्रकार तेथे सर्वांत जास्त आहे. कागद सर्वांत ठिसूळ तेथला. येथील हौशी नाट्यमंडळे संहिता मागावयास येतात त्या तेथल्याच. शिवाय आपला कायदा लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राखतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटली आहे, तेव्हा त्यांच्या जीर्ण प्रतींची छायांकने करून ती सर्वांसाठी खुली करण्यास आडकाठी नाही. येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता त्या कपाटाचा वरचा खण काढला जाईल. गुजराती लिपीतील नावे तपासून देण्याची ज्या सभासदांची तयारी असेल, त्यांनी जाताना देवघेव विभागात आपले नाव नोंदवावे. चष्मा आणि तोंडाला बांधावयास रुमाल बरोबर आणावा, धूळ फार आहे.